साहेब नसलेल्या कंपनीत नवीन लागलाय? मग सुरुवात कशी करायची ते बघा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपमध्ये मी खरेदी आणि डिस्पॅच बघते. आमच्याकडं सुपरवायझर नाही, मॅनेजर नाही, केबिन आहे पण तिच्यात आता क्वालिटीचं टेबल आणि गेज ठेवलेत. नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचे प्रश्न साधारण तेच असतात, रजा कुणाकडं मागायची, पगार कोण वाढवणार, जॉब (म्हणजे मशीनवर बनणारा भाग) बिघडला तर कोण बोलणार, आणि दरवेळी चहाच्या टपरीवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा सलग लिहून काढावं असं वाटलं. पुण्या-बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये लागलेल्या आपल्या पोरापोरींना "आमची टीम फ्लॅट आहे", म्हणजे वर-खाली कुणी नाही, असं इंटरव्ह्यूलाच सांगतात, त्यांनाही यातलं बरंच कामाला येईल.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. साहेब नाही म्हणजे नियम नाहीत असं समजून जो येतो तो महिन्याभरात वैतागतो. जिथं साहेब असतो तिथं निम्मे नियम त्याच्या डोक्यात असले तरी चालतं, अडलं की त्याला विचारायचं. इथं विचारायला तो माणूसच नाही, त्यामुळं कोण काय करणार, किती पैसे कुणी खर्च करायचे, भांडण झालं तर पुढं काय, हे सगळं लिहिलेलं लागतं आणि ते सगळ्यांना माहीत लागतं. आणि साहेबाला दिलेल्या शब्दाच्या जागी इथं शेजारच्या मशीनवरच्या माणसाला दिलेला शब्द येतो. तो पाळणं जास्त जड जातं असं मला खरंच वाटतं, कारण साहेब संध्याकाळी गाडीत बसून जातो पण शेजारचा माणूस रोज आपल्यासोबत डबा खातो.

हे कुठनं आलं

थोडक्यात सांगते, कारण नवीन माणसाला घरचे विचारतातच की ही कसली कंपनी. अमेरिकेत डेलावेअरमध्ये १९५८ साली बिल गोर आणि त्यांच्या पत्नी व्हीव यांनी कंपनी काढली, गोर-टेक्स हे वॉटरप्रूफ कापड त्यांचंच, तिथं सगळ्यांना असोसिएट म्हणतात आणि एका प्लांटमध्ये माणसं दोनशेच्या आसपास झाली की नवा प्लांट काढायचा अशी त्यांची पद्धत, कारण त्यापुढं माणसं एकमेकांना ओळखेनाशी होतात. कॅलिफोर्नियात मॉर्निंग स्टार म्हणून टोमॅटोवर प्रक्रिया करणारी मोठी कंपनी आहे, ख्रिस रूफर यांनी १९७० मध्ये टोमॅटो वाहून नेणाऱ्या ट्रकपासून सुरुवात केली. आपल्याकडं गाळपाचा हंगाम असतो तसा त्यांचा टोमॅटोचा हंगाम, आणि एवढ्या धावपळीच्या कामातसुद्धा तिथं मॅनेजर नाहीत. म्हणजे ही पद्धत फक्त कॉम्प्युटरवर बसून काम करणाऱ्यांसाठी आहे हा गैरसमज आहे. नेदरलँडमध्ये बुर्टझॉर्ग म्हणून घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या नर्सेसची संस्था आहे, यॉस द ब्लॉक यांनी २००६ मध्ये काढली, जास्तीत जास्त बारा नर्सेसची एक टीम आणि ती टीमच स्वतःचं वेळापत्रक, पेशंट, नवीन माणूस घेणं सगळं ठरवते, अडचणीला एक कोच असतो पण त्याला हुकूम द्यायचा अधिकार नाही. आज तिथं दहा हजाराहून जास्त माणसं काम करतात.

आता सांगलीच्या माणसाला वाटतं की हे म्हणजे सहकारच की. तसं नाही, आणि हा फरक नीट समजून घ्या. सहकारी साखर कारखान्यात मालकी सभासदांची असते, एक सभासद एक मत, पण गव्हाणीवर किंवा बॉयलरवर काम करणाऱ्याच्या डोक्यावर शिफ्ट इंचार्ज, चीफ इंजिनिअर, एमडी ही उतरंड असतेच. लिज्जत पापड बघा, १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं, आजही तिथं काम करणारी प्रत्येक बहीण मालक आहे, पण कारभाराला २१ जणींची समिती आहे. म्हणजे मालकी कुणाची हा एक प्रश्न आणि रोजच्या कामात कोण कुणाचं ऐकतं हा दुसरा प्रश्न. आमच्यासारख्या ठिकाणी मालकी दोघातिघांचीच असू शकते, पण रोजचं काम माणसं आपापसात ठरवतात.

आपल्याकडं याला सगळ्यात जवळचं जर काही असेल तर तो पैरा. भांगलणीला आज तुम्ही माझ्या रानात, परवा मी तुमच्या रानात, मुकादम कुणीच नाही, हजेरीचं पुस्तक नाही, तरीपण कुणाचा पैरा फिटायचा राहिलाय हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला पाठ असतं. मात्र पैरा चालतो तो चारसहा ओळखीच्या घरात. वीसपंचवीस माणसं, दोन शिफ्टा आणि बाहेरचे कस्टमर आले की एवढं सगळं लक्षात ठेवून भागत नाही, तिथं वही लागते.

पहिला आठवडा: कागद मागून घ्या

कामाला लागल्या लागल्या चार गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते विचारा. कोण कशाला जबाबदार आहे त्याची यादी, कुणी किती रुपयांपर्यंत स्वतः खर्च करू शकतो, पगार कसा ठरतो, आणि दोघांचं पटलं नाही तर पुढच्या पायऱ्या कोणत्या. इंटरव्ह्यूलाच विचारलंत तर उत्तम. "आमच्यात तसलं काही लागत नाही, आम्ही सगळे फॅमिलीसारखे आहोत" असं उत्तर आलं तर सावध व्हा, तिथं कुणीतरी एकजण सगळं ठरवत असणार आणि ते कोण हे शोधण्यात तुमचे तीन महिने जातील.

दुसरं म्हणजे एक सोबती मागा. गोरमध्ये प्रत्येक नव्या माणसाला स्पॉन्सर असतो, तो त्याचा बॉस नसतो, त्याचं जमावं म्हणून बघणारा माणूस असतो. आमच्याकडं सोबती दुसऱ्या खात्यातला देतात, म्हणजे मशीनवर आलेल्या मुलाला डिस्पॅचमधला किंवा क्वालिटीतला, त्यामुळं त्याला कंपनी सगळीकडनं दिसते आणि बावळट वाटणारे प्रश्नसुद्धा मोकळेपणानं विचारता येतात.

रजेचं पण पहिल्याच आठवड्यात समजून घ्या. इथं रजा मागायची नसते, सांगायची असते, पण नुसती सांगून भागत नाही, आपलं मशीन त्या दिवशी कोण चालवणार हे आपणच दुसऱ्याशी बोलून ठरवायचं आणि मग दोघांची नावं फळ्यावर लिहायची. तासगाव, पलूसकडच्या पोरांची ऑक्टोबर छाटणी एकाच वेळी येते, त्यात गावच्या जत्रा, लग्नसराई, म्हणून आमच्याकडं द्राक्षबागायतदार घरातली पोरं सप्टेंबरातच एकत्र बसून कुणी कधी जायचं ते लावून घेतात. कुठल्याही साहेबानं यापेक्षा चांगलं लावून दिलं नसतं, कारण कुणाची बाग आधी छाटायला येते हे त्यांनाच माहीत.

पहिला महिना: आपलं जबाबदारीचं पत्र लिहा

हे सगळ्यात महत्त्वाचं, इथं घाई करू नका. मॉर्निंग स्टारमध्ये प्रत्येकजण दरवर्षी एक पत्र लिहितो, मी कंपनीत कशासाठी आहे, कुणाला काय देणार, आणि ते ज्यांच्याशी कामाचा संबंध येतो त्या सहकाऱ्यांशी बोलून नक्की करतो. तिथल्या सगळ्या पद्धतीचा पाया दोनच गोष्टींवर आहे, कुणी कुणावर जबरदस्ती करायची नाही आणि दिलेला शब्द पाळायचा.

पत्र म्हणजे जॉब डिस्क्रिप्शन नव्हे, ते एचआरवाला वरनं लिहून देतो. हे आपण लिहायचं आणि ज्यांना त्याचा फरक पडतो त्यांच्यासमोर वाचायचं. आमच्याकडं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, आलेल्या एका मुलाच्या पत्राचा पहिला कच्चा मसुदा असा होता, "मी माझे काम प्रामाणिकपणे करेन, सर्वांना सहकार्य करेन व कंपनीच्या प्रगतीस हातभार लावेन." मनापासून लिहिलं होतं, पण यातलं एकही वाक्य तपासता येत नाही. मग तो क्वालिटीच्या ताईंकडं आणि सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरकडं जाऊन बसला, तुम्हाला माझ्याकडनं नेमकं काय पाहिजे म्हणून विचारलं, आणि पत्र असं झालं:

"तीन नंबरच्या सीएनसीवर पहिली शिफ्ट मी चालवणार. सेटिंग बदललं की पहिला जॉब क्वालिटीला दाखवल्याशिवाय दुसरा लावणार नाही. रिजेक्शन झालं तर त्याच दिवशी लाल ट्रेमध्ये, कारणाची चिठ्ठी लावून. शिफ्ट सोडताना टूलची अवस्था आणि शेवटचा ऑफसेट वहीत लिहिणार. गाडी लागायच्या आधी एक तास माल मोजून डिस्पॅचला देणार. मला लागतं ते असं, ड्रॉइंगची शेवटची आवृत्ती मशीनपाशी, आणि उद्याचं कास्टिंग आज संध्याकाळी रॅकवर."

(ऑफसेट म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, कास्टिंग म्हणजे ओतीव भाग.) बघा, यात शेवटचा भाग किती कामाचा आहे. नवीन माणसं आपण काय देणार तेवढं लिहितात आणि आपल्याला काय लागतं ते लिहायला लाजतात. कास्टिंग आदल्या दिवशी रॅकवर आलं नाही तर त्याचा शब्द पाळला जाणार कसा? ते आणायची जबाबदारी माझी, म्हणून माझ्या पत्रात तीच ओळ उलट बाजूनं आहे. दोन पत्रं अशी एकमेकाला भेटली पाहिजेत. जिथं भेटत नाहीत तिथं नेमकी कामं लोंबकळत राहतात.

निर्णय कसा घ्यायचा

साहेब नसला की लोकांना दोनच मार्ग दिसतात, एकतर सगळ्यांनी मिळून मतदान करायचं नाहीतर ज्याला जे वाटेल ते त्यानं करायचं. दोन्ही बुडवणारे आहेत. मतदानात ज्याचा कामाशी संबंध नाही तोही हात वर करतो, आणि मनाला येईल ते केलं तर दुसऱ्याचं काम बिघडतं. म्हणून सल्ला पद्धत वापरतात. एईएस म्हणून वीज बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीत डेनिस बाके यांनी ती मोठ्या प्रमाणावर चालवली. नियम सोपा आहे, कुणीही कुठलाही निर्णय घेऊ शकतो, पण घ्यायच्या आधी दोन प्रकारच्या माणसांचा सल्ला घ्यायलाच पाहिजे, ज्यांना त्याचा फरक पडणार ते आणि ज्यांना त्यातलं कळतं ते. सल्ला ऐकायलाच पाहिजे, मानायलाच पाहिजे असं नाही. पण शेवटी निर्णय ज्याचा, निस्तरायचंही त्यानंच.

प्रत्यक्षात कसं चालतं ते दाखवते. वर सांगितलेल्या त्याच मुलाला वाटलं की बोरिंगला, म्हणजे आतलं भोक मापात कापताना, इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवायचा कापणारा छोटा तुकडा) फार लवकर जातोय. त्यानं ग्रुपवर मेसेज टाकला:

"पंप बॉडीच्या बोरिंगला आत्ताचा इन्सर्ट लवकर जातोय, एका कॉर्नरवर ४० च्या आसपास जॉब निघतात. दुसऱ्या ग्रेडचा १० नगांचा बॉक्स मागवून ट्रायल घ्यायचा विचार आहे, खर्च ३ हजारापर्यंत. ट्रायल गुरुवारी दुपारी. सेकंड शिफ्ट, क्वालिटी, खरेदी यांनी बुधवारी संध्याकाळपर्यंत सांगा. निर्णय माझा, ट्रायल फसली तर उरलेले इन्सर्ट कुठं वापरायचे ते मीच बघणार."

या मेसेजमध्ये काय काय आहे ते मोजा. अडचण आकड्यासकट, उपाय, खर्च, तारीख, कुणाकडनं उत्तर पाहिजे त्यांची नावं, आणि शेवटी निर्णय कुणाचा. "मंडळी, इन्सर्टबद्दल काय करायचं?" असा मेसेज टाकला असता तर पंधरा अंगठे आले असते आणि काम तिथंच राहिलं असतं. सेकंड शिफ्टवाल्यानं सांगितलं की स्पीड बदलणार असशील तर प्रोग्राम वेगळ्या नंबरनं सेव्ह कर. क्वालिटीनं पहिले पाच जॉब दाखवायला सांगितले. मी डीलरकडं फुकट सॅम्पल मिळतंय का बघते म्हटलं. आणि आमच्यातले सगळ्यात जुने टर्नर, ते ग्रुपवर लिहीत नाहीत, ते उठून मशीनपाशी आले, बोरिंग बार हातानं धरून बघितला आणि म्हणाले, "बार किती बाहेर काढलाईस बघ आधी, थरथरतोय म्हणून कोपरा उडतोय. आत घे, मग इन्सर्टला बोल." बार आत घेतल्यावर जुनाच इन्सर्ट पुष्कळ जास्त चालायला लागला, आणि बॉक्स मागवायचा की नाही हा निर्णय तरीही त्या मुलाचाच राहिला, त्यानं नाही मागवला.

म्हणून नवीन माणसांना माझं सांगणं, जे ग्रुपवर बोलत नाहीत त्यांच्याकडं चालत जावा. ज्यांना टाइप करायचा कंटाळा येतो त्यांच्या हातात बऱ्याचदा सगळ्यात जास्त माहिती असते.

पैशाची मर्यादा वेगळी लिहिलेली असते. छोटा खर्च कुणालाही न विचारता, मधला सल्ला घेऊन, आणि मशीन घेणं, जागा घेणं, कर्ज काढणं असल्या गोष्टी सगळ्यांसमोर आकडे ठेवून आणि ज्यांची सही लागते त्यांना धरून. आपल्या कंपनीचे आकडे काय आहेत ते पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या.

आणि तातडीची वेळ आली तर सल्लाबिल्ला काही नाही. आग, शॉक, अपघात, पूर यांच्यासाठी कुणाचं ऐकायचं ते नाव आधीच फळ्यावर लिहिलेलं असतं आणि त्या वेळेला ते सांगतील ते निमूट करायचं, चर्चा नंतर. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरानंतर तर सांगलीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या फळ्यावर लिहिलंय की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला लागलं की नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी कुणाला न विचारता मशीन बंद करून घरी जायचं. ४५ ची धोका पातळी यायची वाट बघायची नाही.

मीटिंगमध्ये "नाही" म्हणायला शिका

ज्या गोष्टी सगळ्यांना लागू होतात, म्हणजे शिफ्टची वेळ, सुट्ट्या, नियमात बदल, त्या मीटिंगमध्ये ठरतात. तिथं एकमत लागत नाही, संमती लागते. ही पद्धत नेदरलँडमधल्या गेरार्ड एंडेनबर्ग यांनी आपल्या इलेक्ट्रिकलच्या कंपनीत १९७० च्या सुमारास बसवली. प्रश्न "तुम्हाला हे आवडलं का?" असा नसतो, "यानं आपलं काम बिघडेल असं ठोस कारण कुणाकडं आहे का?" असा असतो. कारण असेल तर प्रस्ताव दुरुस्त करायचा, नसेल तर पुढं जायचं आणि तीन महिन्यांनी परत बघायचं. मला आवडत नाही हे कारण होत नाही. सहाला शिफ्ट सुरू केली तर कवठेमहांकाळकडनं येणाऱ्यांना एसटी मिळत नाही, हे कारण होतं.

आता आपल्याकडची खरी अडचण. आपण वयानं मोठ्या माणसाला दादा, काका, मावशी म्हणतो, आणि एकदा दादा म्हटलं की भर मीटिंगमध्ये त्यांचं खोडायला जीभ वळत नाही. ही संस्कृती टाकून द्या असं मी कधीच म्हणणार नाही, परदेशातल्यासारखं एकमेकांना नावानं हाक मारून समानता येते यावर माझा विश्वास नाही, दादांना दादाच म्हणा. त्यापेक्षा मीटिंगची रचना बदला. आमच्याकडं गोल बसतात आणि बोलायला सुरुवात सगळ्यात नव्या माणसापासून होते, जुने शेवटी बोलतात, त्यामुळं दादांनी मत दिल्यावर मान डोलवायची वेळच येत नाही. एकाचं चालू असताना दुसऱ्यानं तोडायचं नाही. बायकांचं बोलणं अर्ध्यात तोडायची सवय तर या एका नियमानं लगेच उघडी पडते. आणि हरकत घेताना माणसावर बोलू नका, कामावर बोला, "दादा, तुमचं बरोबर असेल पण सोमवारी मालाची गाडी त्याच वेळेला येते, ती कोण उतरवणार?" एवढं पुरतं. आदर पण राहतो आणि मुद्दाही पोचतो.

आकडे वाचायला शिका

निर्णय आपण घ्यायचे तर पैसा कुठनं येतो आणि कुठं जातो ते कळायलाच पाहिजे. ब्राझीलमधल्या सेमको कंपनीत रिकार्डो सेमलर यांनी कामगार संघटनेच्या मदतीनं सफाई करणाऱ्यांपासून सगळ्यांना ताळेबंद वाचायला शिकवला. तुम्हाला सीए व्हायचं नाहीये, महिन्याला विक्री किती, कच्चा माल, पगार, वीजबिल, हप्ता किती, आणि कस्टमरकडं किती दिवसांचं येणं अडकलंय एवढं वाचता आलं तरी पुष्कळ झालं. शेवटचं तर नक्की बघा, छोट्या युनिटचा जीव तिथंच घुटमळतो, बिल निघालंय आणि पैसे आले नाहीत. कळलं नाही तर अकाउंटवाल्या ताईंना विचारा.

पगार

यावर सगळ्यांचं लक्ष असतं म्हणून स्पष्ट लिहिते. पगार ठरवायच्या पद्धती कंपनीकंपनीत वेगळ्या आहेत. गोरमध्ये सहकारी एकमेकांच्या कामाचं योगदान बघून क्रम लावतात आणि पगार ठरवताना तो धरला जातो, सेमकोत काही जणांनी आपला पगार आपणच ठरवला. छोट्या ठिकाणी मला पटते ती साधी पद्धत अशी, कामाच्या कौशल्याच्या पायऱ्या लिहिलेल्या, प्रत्येक पायरीचा आकडा सगळ्यांसमोर, आणि पुढच्या पायरीवर गेलो असं ज्याला वाटतं त्यानं स्वतः मांडायचं, त्याच्यासोबत काम करणाऱ्या तिघांनी बोलायचं. मांडताना घरची अडचण सांगू नका, ती ॲडव्हान्ससाठी सांगा, तिथं माणसं मदत करतात. वाढीसाठी काम दाखवा, मागच्या वर्षी एकट्यानं सेटिंग जमत नव्हतं आता जमतं, दोन नव्या पोरांना शिकवलं, असं. आणि हो, "इथं प्रमोशन नाही" ही तक्रार घरनं येणारच, लग्नाच्या बैठकीत पोरगा कोण आहे असं विचारतात तेव्हा पदाचं नाव सांगता येत नाही. त्यासाठी बाहेर दाखवायला एक पद ठेवलं तर काही बिघडत नाही, बँकेला आणि कस्टमरलाही ते लागतंच.

भांडण

भांडणं होणार. इथं तक्रार घेऊन जायला वर कुणी नाही, त्यामुळं पहिली पायरी ठरलेली, ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याशीच समोरासमोर, दोघांनीच. मॉर्निंग स्टारमध्ये त्यानं मिटलं नाही तर दोघांच्या विश्वासाचा तिसरा माणूस, तरी नाही मिटलं तर थोड्या सहकाऱ्यांचं मंडळ, आणि अगदी शेवटी कंपनीचे अध्यक्ष. बहुतेक गोष्टी पहिल्या दोन पायऱ्यातच संपतात असा माझा इथला अनुभव आहे, अट एवढीच की पहिली पायरी चुकवून थेट चहाच्या टपरीवर जायचं नाही. टपरीवर गेलेलं प्रकरण परत दोघांचं राहत नाही, मग त्यात गाव येतं, पाहुणे येतात, कोण कुणाच्या बाजूचा ते येतं.

कामावरनं काढायची वेळ आली तर तीही याच पायऱ्यांनी, लेखी, वेळ देऊन. एकट्याच्या रागावर कुणाची रोजीरोटी जाता कामा नये, हा नियम मला सगळ्यात जवळचा आहे.

न दिसणारा साहेब ओळखा

पद काढलं म्हणून सत्ता जात नाही. व्हॉल्व्ह या व्हिडिओ गेम कंपनीचं कर्मचाऱ्यांसाठीचं पुस्तक २०१२ मध्ये बाहेर आलं, त्यात टेबलाला चाकं असतात, ज्या प्रोजेक्टवर मन असेल तिकडं ढकलत न्या असं लिहिलेलं होतं आणि जगभर कौतुक झालं. पुढच्याच वर्षी तिथनं कामावरनं काढलेल्या एका इंजिनिअर बाईंनी सांगितलं की न दिसणारी उतरंड तिथं होतीच, काही वजनदार माणसांच्या भोवती. हे कुठंही होऊ शकतं. आपल्याकडं तो मालकाचा भाचा असेल, सगळ्यात जुना माणूस असेल, किंवा कस्टमरचा फोन ज्याच्याकडं येतो तो असेल. माझ्याकडं डीलरांचे फोन येतात म्हणून मीही त्यात येते, म्हणून दर आठवड्याला सगळी कोटेशनं मी फाईलला लावून उघडी ठेवते. माहिती एकाच माणसापाशी साठलेली दिसली की शांतपणे म्हणा, हे सगळ्यांना दिसेल असं ठेवूया का. त्या माणसावर आरोप करायची गरज नसते, पुष्कळदा त्यालाही कल्पना नसते.

कायदा साहेब मागतो

कायद्याला "आम्ही सगळे मिळून" चालत नाही. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर निदान दोन डायरेक्टर, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर निदान दोन नियुक्त भागीदार, सही त्यांची, नोटीस त्यांना. दहा माणसं झाली की ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) आणि वीस झाली की पीएफ लागू होतो, तुमचं नाव तिथं लागलंय का ते स्वतः ॲपवर बघा. आणि दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणं लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. वर सांगितलेली "आधी दोघांनीच बोला" ही पायरी असल्या तक्रारीला अजिबात लावायची नाही, थेट समितीकडं जायचं. हे नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगा, आणि नव्या मुलांनाही.

सहा महिन्यांनी

आपल्याला हे मानवतंय का ते स्वतःला विचारा. झॅपोस या ऑनलाइन बूट विकणाऱ्या कंपनीनं २०१५ मध्ये बिनमॅनेजरची पद्धत सगळीकडं लावली आणि ज्यांना नको त्यांनी पैसे घेऊन जावं असं सांगितलं, तेव्हा सुमारे १४ टक्के माणसं गेली. त्यात कमीपणा काही नाही. काही चांगल्या कारागिरांना सकाळी काम हातात मिळावं आणि संध्याकाळी डोकं रिकामं करून घरी जावं असंच आवडतं, आणि इथं डोकं रिकामं होत नाही, हे खरंय. जायचं ठरलं तर सोबत्याला आधी सांगा, आपली कामं कुणाकडं जाणार ते पत्रात ओळीओळीनं लिहून द्या.

राहायचं ठरलं तर पहिलं पत्र काढा आणि ज्यांच्यासमोर वाचलं होतं त्यांच्यासमोरच परत वाचा. जमलेल्या ओळींवर टिक, न जमलेल्यांपुढं कारण, आणि जी कामं तुम्ही करताय पण पत्रात नाहीत ती नव्यानं लिहा, तीच पुढं विसरली जातात. मग पुढच्या नव्या माणसाचा सोबती म्हणून फळ्यावर आपलं नाव लिहा.